मोगरा फुलवा, गिऱ्हाईक टिकवा

हातगाडीवर किंवा दुकानासमोर फुलझाडांच्या कुंड्या विकणाऱ्या बांधवांची तक्रार नेहमीची आहे. नेताना हिरवेगार असलेले रोप महिन्याभरात वाळते, गिऱ्हाईक "रोप खराब दिले" म्हणते आणि परत येत नाही. बहुतेक वेळा चूक निगेत असते. म्हणून रोपाबरोबर निगाही सांगता आली पाहिजे. आज मोगऱ्याचे पाहू.

धंद्यात नवे असताना आम्हीही भरपूर पाणी म्हणजे चांगली निगा समजत होतो. एका पावसाळ्यात कुंड्यांची भोके बुजली, खालच्या बशांत पाणी साचले, मुळे कुजली आणि भांडवल उकिरड्यावर गेले. तेव्हापासून आम्ही आधी भोक पाहतो, मग झाड.

कुंडी : 10 ते 12 इंची घ्यावी. भोकावर खापरी ठेवावी. 2 भाग माती, 1 भाग चांगले कुजलेले शेणखत, 1 भाग वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

पाणी : बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात रोज लागते, पावसाळ्यात बशी काढून ठेवावी.

ऊन : रोज 5-6 तास थेट ऊन हवे. सावलीत नुसती पाने वाढतात. युरिया जास्त झाला तरी तेच होते.

छाटणी : हीच खरी किल्ली आहे. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. जानेवारीअखेर पाणी कमी करावे, फांद्या निम्म्यावर छाटाव्यात, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. उन्हाळ्यात कळ्या लागतात. फुले सरली की फांदीचा शेंडा खुडावा, म्हणजे पुन्हा फूट येते.

कीड : कळ्या जांभळट दिसल्या तर आत अळी असते. अशा कळ्या तोडून नष्ट कराव्यात. पाने फिकट, धुळकट झाली तर कोळी कीड समजावी आणि पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारावा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पक्व फांद्यांचे 6 ते 8 इंची तुकडे ओलसर वाळूत लावावेत. दीड महिन्यात मुळे धरतात. म्हणजे जुन्या झाडांपासूनच पुढचा माल तयार होतो.

यातल्या चार गोष्टी रोप देताना गिऱ्हाइकाला जरूर सांगाव्यात. त्याच्या गच्चीत मोगरा फुलला, तर दुसरी कुंडी घ्यायला ते आपल्याकडेच येईल.