ओट्स खा, पण फोडणी घरचीच द्या

दोन-तीन महिन्यांपूर्वी एक निवृत्त गुरुजी तपासणीसाठी आले. वय 64, रक्तदाब 160/96. गोळ्या वेळेवर चालू होत्या. लोणचे-पापड तर घरातून हद्दपार झाले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, पोहे सोडून आता रोज सकाळ-संध्याकाळ ओट्स खातो. मग रक्तदाब उतरत का नाही?"

मी ओट्सचे पाकीट आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती ते घेऊन आल्या. पाकीट होते तयार मसाल्याच्या ओट्सचे! गुरुजींनी ताटातले मीठ काढले होते, पण पाकिटातून ते परत पोटात जात होते.

वाचकहो, दोष ओट्सचा नाही. या धान्यात बीटा-ग्लुकन नावाचा, पाण्यात विरघळणारा तंतू असतो. ओट्स शिजल्यावर येणारा बुळबुळीतपणा त्याचाच. हा तंतू आतड्यातील पित्ताम्ले बांधून बाहेर नेतो. नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते, त्यामुळे ते काहीसे कमी होते. त्यासाठी रोज सुमारे 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते. 40 ग्रॅम कोरड्या ओट्समधून त्याचा निम्मा किंवा थोडा अधिक भाग मिळतो.

आता मिठाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. पाकिटावर 'मीठ' असे न लिहिता 'सोडियम' लिहिलेले असते. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ, एवढे लक्षात ठेवा. आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वेळच्या खाण्याचा, तेही पाहा.

घरची कृती (एका माणसासाठी)

साधे, बिनमसाल्याचे ओट्स 40 ग्रॅम घ्या. मंद आचेवर दोन-तीन मिनिटे कोरडेच भाजा, म्हणजे चिकटपणा कमी होतो. एक चहाचा चमचा तेलात फोडणी करून चिरलेला कांदा, गाजर, मटार परता. दीड कप पाणी घालून उकळी आली की ओट्स घाला आणि चार-पाच मिनिटे शिजवा. मीठ पाव चमच्याच्याही निम्मे, आणि तेही शेवटी.

फोडणी आलटून पालटून द्या

1. नेहमीची : मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची. वरून लिंबू आणि भरपूर कोथिंबीर.

2. लसूण-मिऱ्याची : ठेचलेला लसूण, आले, टोमॅटो, वरून मिरेपूड. पावसाळ्यात विशेष रुचते.

3. गोड्या मसाल्याची : मटार जरा जास्त घालून अर्धा चमचा घरचा गोडा मसाला. मसालेभाताची आठवण होते.

4. ताकाची : ओट्स नुसतेच शिजवून कोमट होऊ द्या, मग ताक घाला. वरून मेथीदाणे, हिंग, सुक्या मिरचीची फोडणी.

आंबट, तिखट आणि खमंग चव असली की मीठ कमी असल्याचे फारसे जाणवत नाही. मात्र वरून शेव किंवा चाट मसाला घालू नका. त्यांतही मीठ असतेच.

काही सूचना

तंतुमय आहाराची सवय नसेल तर निम्म्या प्रमाणाने सुरुवात करा, नाहीतर पोट फुगते. मधुमेहींनी झटपट ओट्सपेक्षा जाड ओट्स घ्यावेत. त्यांनी साखर सावकाश वाढते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास 'कमी सोडियमचे' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते. ओट्स महाग वाटले तर ज्वारीच्या कण्यांना हीच फोडणी द्या.

गुरुजींच्या गोळ्या मी बदलल्या नाहीत, फक्त पाकीट बदलले. दीड महिन्याने रक्तदाब 142/88 भरला. गोळ्या अजून चालू आहेत आणि चालू ठेवायच्याच आहेत. पण आता बाई विचारतात, "उद्या कोणती फोडणी?" आपल्याही घरी हाच प्रश्न विचारला जावा.