साखळी नोंदवहीत जाणारा बाजारभाव : आधी पारखा, मग नोंदवा

धानाची मळणी झाली की चंद्रपूर-गडचिरोली भागात पैशाची नड असते आणि माल पडेल भावाने विकावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे माल गोदामात ठेवून वखार पावतीवर तारण कर्ज घेणे. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने 2020 मध्ये या पावतीसाठी ब्लॉकचेनचा, म्हणजे साखळी नोंदवहीचा वापर सुरू केला. या वहीतील नोंद मागाहून गुपचूप खोडता येत नाही. परंतु वहीला बाजार दिसत नाही. भाव बाहेरून पुरवावा लागतो आणि चुकीचा भावही तितकाच पक्का बसतो.

समजा, आपला 30 क्विंटल एचएमटी धान आहे व दर 3,000 रुपये आहे. किंमत 90,000 रुपये. 70 टक्के दराने कर्ज 63,000 रुपये. ठोकळ धानाचा 2,300 रुपये दर नोंदला गेला, तर कर्ज 48,300 रुपयेच मिळेल. 14,700 रुपये कमी! उलट भाव फारच जास्त लागला, तर कर्ज मालाच्या किमतीपुढे जाऊन परतफेडीचा बोजा वाढू शकतो.

म्हणून भाव नोंदण्यापूर्वी पुढील काळजी घ्यावी.

1) माल व जात : धान आणि तांदूळ वेगळे लिहावेत. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी ठोकळ धानात मिसळू नये.

2) परिमाण : खंडी, पोते यांचे क्विंटल करावे. 40 किलोच्या पोत्याचा दर अडीचने गुणावा.

3) दर : जास्तीत जास्त नव्हे, सर्वसाधारण दर घ्यावा. आवकही पाहावी; दोन-चार पोत्यांवरून बाजार ठरत नाही.

4) तारीख : बाजार बंद असल्यास शून्य लिहू नये. मागील दर त्याच्या तारखेसह द्यावा.

5) पडताळणी : तीन बाजारांचे दर चढत्या क्रमाने मांडून मधला घ्यावा. समजा 2,280, 2,310 आणि एक शून्य जादा पडून 23,000 असे दर आले. सरासरी 9,197 येते. मधला दर मात्र 2,310 राहतो.

पावतीवर सही करण्यापूर्वी जात, वजन, दर आणि तारीख स्वतः वाचा व काटापट्टी जपून ठेवा. चूक वहीत जाण्यापूर्वी दुरुस्त करणे सोपे; नंतर हेलपाटे आपल्यालाच पडतात.