विजेच्या तारा आणि मुलांचा रक्ताचा कॅन्सर : भीती किती, पुरावा किती?



डोंगरातून जाणारे विजेचे उंच मनोरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. दमट हवेत त्यांच्या तारांखालून जाताना सूं-सूं असा आवाज येतो. ज्यांचे घर जवळ आहे अशा आईबापांच्या मनात साहजिकच शंका येते, “या तारांमुळे आमच्या लेकराला ब्लड कॅन्सर तर होणार नाही?” पाड्यावर काम करणाऱ्याला हा प्रश्न कधीतरी ऐकावा लागतो. तेव्हा “ही अडाणी समजूत आहे” असे म्हणून तो उडवून लावणे सोपे असते, आणि “होय, तारा विषारी आहेत” असे म्हणून लोकांना घाबरवणेही सोपे असते. ही दोन्ही उत्तरे खरी नाहीत. म्हणून या अंकात हा विषय थोडा नीट समजून घेऊ.

१. तारांभोवती काय असते?

विजेच्या दाबामुळे तारेभोवती विद्युत क्षेत्र तयार होते. भिंत आणि झाडे ते बरेचसे अडवतात. तारेतून प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्रही तयार होते. ते भिंतीतून आरपार जाते, पण तारेपासून दूर जावे तसे झपाट्याने कमी होते. त्याचे माप मायक्रोटेस्ला. युरोप-अमेरिकेतील साध्या घरांत ते सरासरी ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. घरातील वायरिंग, पंखा, मिक्सर यांच्याभोवतीही असे क्षेत्र असते.

हे एक्स-रेसारखे किरण नाहीत. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. तिच्या क्षेत्राची शक्ती इतकी कमी असते की ती पेशीतील गुणसूत्रे थेट तोडू शकत नाही.

२. शंका कोठून सुरू झाली?

अमेरिकेतील डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्दायमर या संशोधक बाईंनी कॅन्सरने मरण पावलेल्या मुलांचे पत्ते घेऊन त्यांच्या घरांची पाहणी केली. एड लीपर हे भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते. बाहेरच्या तारा किती जाड आहेत आणि घरापासून किती अंतरावर आहेत यावरून त्यांनी घरांची वर्गवारी केली. जास्त प्रवाहाच्या तारांजवळच्या घरांत ही मुले अधिक प्रमाणात आढळली. १९७९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर चर्चा सुरू झाली.

१९९३ साली स्वीडनमधील संशोधकांनी मोठ्या लाइनपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त क्षेत्र असलेल्या घरांतील मुलांत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, अधिक दिसला. मात्र त्या संपूर्ण अभ्यासात ल्युकेमिया झालेली मुले ३९ होती. इतक्या थोड्या संख्येत दोन-चार मुले इकडची तिकडे झाली तरी निष्कर्ष बदलतो.

म्हणून २००० साली नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करण्यात आली. त्यात ल्युकेमियाची ३,२४७ मुले होती. ज्यांच्या घरात क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा कमी होते, त्यांच्यात वाढीव धोका दिसला नाही. अशी मुले शंभरात नव्याण्णवांहून जास्त होती. उरलेल्या एक टक्क्याहूनही कमी मुलांत धोका सुमारे दुप्पट दिसला.

३. ‘दुप्पट’ म्हणजे किती?

हा शब्द ऐकून काळजात धस्स होते, म्हणून हिशेब करून पाहू. जिथे नोंदी चांगल्या ठेवल्या जातात अशा देशांत लाखभर मुलांमागे वर्षाला चार-पाच मुलांना ल्युकेमिया होतो. दुप्पट धरले तर आठ-दहा. म्हणजे जास्त क्षेत्राच्या घरात राहणाऱ्या लाख मुलांपैकीही नव्याण्णव हजार नऊशेंहून अधिक मुलांना त्या वर्षी हा आजार होत नाही. धोका खरा असला तरी तो एवढाच आहे.

४. तो खरा आहे का?

इंग्लंड व वेल्समध्ये जन्माच्या वेळी घर लाइनपासून किती दूर होते हे तपासून २००५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०० मीटरच्या आत धोका वाढलेला दिसला, पण २०० ते ६०० मीटरवरही थोडा वाढलेला दिसला. इतक्या अंतरावर लाइनचे क्षेत्र घरातील वायरिंगच्या क्षेत्राहूनही कमी असते. मग कारण चुंबकीय क्षेत्र कसे? २०१४ साली त्याच संशोधनाचा पुढचा भाग आला. वाढीव धोका १९६० व १९७० च्या दशकांत होता, १९८० नंतर तो दिसत नाही, असे त्यात आढळले. तारा होत्या तिथेच राहिल्या आणि धोका ओसरला. म्हणजे त्या वस्त्यांत राहणाऱ्या लोकांच्या परिस्थितीत दुसरेच काही कारण असावे, असा संशय बळावतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगजनक’ या गटात ठेवले. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही पुढे याच गटात आला. पुरावा आहे पण अपुरा, असा त्याचा अर्थ. संघटनेने २००७ साली सांगितले की हे कारण खरे धरले तरी जगभरात वर्षाला १०० ते २,४०० मुलांचा आजार त्यामुळे असू शकेल. पण कारण सिद्ध झालेले नाही. त्यामुळे नवीन लाइन वस्तीपासून दूर न्यावी अशी मागणी करणे रास्त आहे. भीतीपोटी राहते घर सोडायला लावणे रास्त नाही.

५. मग आपण काय करावे?

तारांचा सिद्ध झालेला धोका म्हणजे शॉक. लाइनखाली घर वाढवू नये, लांब बांबू किंवा ओली काठी उभी नेऊ नये, खांबाच्या ताणाच्या तारेला जनावर बांधू नये. तार लोंबत असेल तर वायरमनला कळवावे.

ल्युकेमियाच्या बाबतीत उशिरा ओळख पटल्यामुळे किंवा उपचार अर्धवट सुटल्यामुळेही मूल दगावू शकते. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, जिथे पूर्ण उपचार मिळतात अशा देशांत दहापैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. ही लक्षणे पाठ करून ठेवा : न उतरणारा किंवा पुन्हापुन्हा येणारा ताप, वाढत जाणारा फिकेपणा, अंगावर बारीक लाल ठिपके किंवा कारण नसताना निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखणे, मानेत गाठी, फुगलेले पोट.

आदिवासी भागात एक खास अडचण आहे. फिकेपणा आणि हाडदुखी सिकलसेलमध्येही असते, पोट मलेरियातही फुगते. त्यामुळे “ते तर नेहमीचेच” म्हणून मूल घरीच राहते. वरील दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, तर मूल सिकलसेलचे असले तरी सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्यावी. तपासणीआधी कोणाकडूनही स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये; त्याने आजार काही दिवस दबतो आणि निदान चुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व शाळेत येते, तेव्हा असे मूल त्यांना आवर्जून दाखवावे. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये विनामूल्य राहण्याची सोय आहे. उपचार अर्ध्यावर सुटू नयेत यासाठी प्रवासखर्च, सोबत आणि घरी राहिलेल्या भावंडांची काळजी, हे काम मात्र आपल्या मंडळीने उचलायचे आहे.

आजारी मुलाची आई विचारते, “आम्ही तिथे घर बांधले म्हणून झाले का?” जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही दोष कोणाचा असेच विचारले होते. प्रभूने ना त्याला दोषी धरले, ना त्याच्या आईबापांना, आणि तो त्याला दृष्टी देण्याच्या कामाला लागला. त्या आईला आपण एवढेच म्हणावे : “ताई, तुमच्या घरामुळे हे झाले असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तुमची चूक नाही. चला, उद्या रुग्णालयात मी सोबत येतो.”

गटात चर्चेसाठी

१. ‘धोका दुप्पट’ आणि ‘धोका मोठा’ यांत काय फरक आहे? स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. आपल्या भागात फिकट, वारंवार तापणारे मूल प्रथम कोणाकडे नेले जाते? तिथपर्यंत ही लक्षणे कशी पोहोचवता येतील?
३. आपल्या जवळचे सीबीसी तपासणीचे ठिकाण कोणते? तिथे पोहोचायला किती वेळ आणि किती पैसे लागतात?