गुंगीचें औषध व वृद्धांची स्मृति

शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदना कळूं नयेत म्हणून रोग्यास बेशुद्ध करितात. ही विद्या १८४६ सालीं बोस्टन येथें मॉर्टन यांनीं ईथरच्या वाफेनें जगास दाखविली. तरुण रोगी बहुधा लवकरच पूर्ववत् होतो. वृद्धांचें सदैव तसें घडत नाहीं.

१९५५ सालीं इंग्लंडमधील डॉक्टर बेडफर्ड यांनीं या गोष्टीकडे लक्ष वेधिलें. पुढें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ६० व त्याहून अधिक वयाच्या १२१८ रोग्यांची मोठ्या शस्त्रक्रियेनंतर परीक्षा घेण्यांत आली. आठवड्यानें शेंकडा सुमारें २६ जणांची स्मृति व विचारशक्ति मंदावलेली आढळली. तीन महिन्यांनीं हें प्रमाण शेंकडा सुमारें १० वर आलें.

मात्र सर्व दोष औषधाचा नव्हे. केवळ कंबरेखालील भाग बधिर करून शस्त्रक्रिया केली, तरीही वृद्धांस असा भ्रम होतो. शस्त्रक्रियेमुळें शरीरांत उठणारा दाह, वेदना, निद्रानाश व अनोळखी जागा हींही त्याचीं कारणें होत.

म्हणून रुग्णालयांतून परतलेले आजोबा तोच प्रश्न पुनःपुन्हां विचारूं लागले, तर हसूं नये. त्यांचा चष्मा हातीं द्यावा, वार-तारीख सांगावी, रात्रीं स्वस्थ झोंप मिळूं द्यावी. भ्रम एकाएकीं वाढल्यास डॉक्टरांस त्वरित कळवावें. बहुतेकांची स्मृति हळूहळू परत येते. तोंवर तिची उणीव आपण प्रेमानें भरून काढावी.