फोटोतली हिरवी खोळ

॥ श्री ॥

कशेडी,
नागपंचमी

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा दुपारी एक सर ओसरून दुसरी यायच्या बेताला असताना खालच्या वाडीतला तुझा मित्र भिजत पडवीत आला. आदल्या रात्रीच परळहून उतरला होता. चहा घेता घेता त्याने फोन पुढे केला आणि विचारलं, ‘‘मामा, हा आप्पांचाच ना?’’ पडद्यावर एक जुना पखवाज होता, खाली किंमत आणि शेजारी घडी घातलेली हिरवी खोळ. पखवाजासारखे पखवाज शंभर असतील. पण ती खोळ आजीच्या लुगड्याची. पोलादपूरच्या शिंप्याकडे दोन तास बसून मामाने ती शिवून घेतली होती, काठ तोंडाशी यायला हवा म्हणून.

चहा तसाच निवला.

तुला फोन का केला नाही, असं म्हणशील. केला होता. ‘‘मामा, शूटला आहे, नंतर करतो,’’ म्हणालास. तुझं ते ‘नंतर’ अजून घाटातच अडकलेलं आहे, म्हणून हे पत्र. आणि पत्रात मामा स्वतःला ‘मामा’च म्हणणार. पस्तीस वर्षं वर्गात ‘सर आता फळ्यावर काय लिहितायत बघा’ असं बोलून त्याला स्वतःविषयी तिऱ्हाइतासारखं बोलायची खोड लागली आहे. लहानपणी तू त्यावर पोट धरून हसायचास.

मित्राने आणखीही सांगितलं. मंगळावरच्या वसाहतीची मालिका आहे, तू यानाचा कप्तान आहेस, केस पार उतरवलेस. आनंदच आहे. मामीने देवापुढे साखर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीलाही बातमी पोचवली. पण पुढचं ऐकून तिचाही चेहरा उतरला. सकाळचं पोहणं बंद. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष ‘बघू’. आणि तू म्हणालास म्हणे, ‘‘आता एकच गोष्ट करायची. बाकी सगळे छंद होते.’’

छंद! आप्पांचा, तुझ्या आजोबांचा पखवाज हा छंद?

असो. अंतराळातला कप्तान झालाच आहेस, तर तुझ्याआधी झालेल्या कप्तानाची हकीकत ऐक. १९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायचं. केतन मेहतांची मालिका. सूर्यमालेतले नामचीन गुन्हेगार तुरुंगातून निसटलेले आणि त्यांच्या मागावर हा व्योम. वाडीत तेव्हा एकच धड टीव्ही होता. डोंगर आडवा, त्यामुळे बांबूला बांधलेला अँटेना फिरवायला एक पोरगा कौलांवर बसवायचा. आतून सगळे ओरडायचे, ‘‘आलं, आलं… गेलं!’’ पडद्यावर निम्मा वेळ मुंग्या. त्या मुंग्यांतून चंदेरी पोशाखातला उंचापुरा मिलिंद सोमण मधूनच दिसायचा. मामा तेव्हा तेहतीस वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. तो मागे बसून पोरांना सांगायचा, ‘‘अवकाशात आवाज ऐकू येत नाही रे, हे सगळं खोटं आहे.’’ आणि मनात म्हणायचा, दिसायला बरा आहे, मालिका संपली की याला कोण विचारतो?

मालिका संपली. मामाचा अंदाज मात्र साफ चुकला.

हा माणूस मामाच्याच वयाचा, १९६५चा. जन्म स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा, वाढला दादरला शिवाजी पार्कात. कॅमेऱ्यासमोर येण्याच्या कितीतरी आधी तो पाण्यात होता. पोहण्यात राष्ट्रीय विजेता. शिक्षण इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाचं, म्हणजे तू ज्याला ‘बघू’ म्हणतोस तेच. मॉडेलिंग आलं ते नंतर. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ गाण्यात तो लाकडी पेटीतून बाहेर आला आणि देशभर त्याचं नाव झालं. त्याच सुमाराला दूरदर्शनवर ‘अ माऊथफुल ऑफ स्काय’ ही इंग्रजी मालिका, मग व्योम. एवढ्यावर तो थांबला असता, तर आज आमच्या पिढीने त्याला त्या पेटीपुरता आणि पोशाखापुरता लक्षात ठेवला असता.

पण २००९ साली सचिन कुंडलकरांच्या ‘गंध’मध्ये तो दिसला. मराठीत, सोनाली कुलकर्णीसमोर, एका आजारी माणसाच्या भूमिकेत. अंगावर चंदेरी काही नाही. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘संहिता’, मग २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’त अंबाजीपंत. पगडीतला तो माणूस व्योमच आहे हे मामाला मध्यंतरापर्यंत कळलं नव्हतं. आणि २०२५ला ‘इमर्जन्सी’त माणेकशॉ. कामं मधूनमधून आली, मध्ये मोठी भगदाडंही पडली. त्या भगदाडांत हा माणूस काय करत होता, हे मामाला तुला सांगायचं आहे.

तो धावत होता.

अडतिशीच्या आसपास त्याने धावणं सुरू केलं. त्या वयात मामाने सायकल सोडून स्कूटर घेतली होती. २०१२ साली त्याने फक्त बायकांसाठी ‘पिंकॅथॉन’ नावाची धाव सुरू केली, स्तनाच्या कर्करोगाबद्दल त्यांनी वेळेत जागं व्हावं म्हणून. २०१५ला झुरिचमध्ये ‘आयर्नमॅन’. ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२ किलोमीटर पळायचं. हे सगळं एका दमात, १५ तास १९ मिनिटांत. पन्नाशीला काही महिने उरले होते. त्या साली मामा पोलादपूरच्या स्टँडवरचा जिना चढताना कठडा धरायला लागला होता. पुढे २०१७ला फ्लोरिडात तीन दिवसांची ‘अल्ट्रामॅन’. १० किलोमीटर पोहणं, ४२३ सायकल, ८४ धावणं, एकूण ५१७ किलोमीटर, आणि धावला तो अनवाणी.

मध्ये २०१६ साली एक व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. हा रस्त्यावरून पळतो आहे आणि शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेली आई, उषाताई, साडी नेसून अनवाणी पळते आहे. मामी तो बघून म्हणाली, ‘‘त्यात काय? आम्ही दोन हंडे घेऊन चढायचो.’’ पण तिने तो पाच वेळा बघितला.

आता नीट बघ. त्याने पोहणं विकून व्योम घेतला नाही. पोरवयात पाण्यात कमावलेला दमच तीस-पस्तीस वर्षांनी झुरिचला कामी आला. तू सावित्रीच्या डोहात पोहायला शिकलास तेव्हा ताई काठावर उभी राहून रडत होती आणि मामा कमरेएवढ्या पाण्यात. ते पोहणं तू कुणाच्या सांगण्यावरून बंद केलंस?

आणि पखवाज?

हा एकटाच सोमण असा, असं समजू नकोस. त्याच मालिकेत विश्वप्रमुख झालेले टॉम ऑल्टर मसुरीत वाढलेले, हिंदी-उर्दू आपल्यापेक्षा सफाईने बोलणारे आणि क्रिकेटवेडे. नटाचं काम सांभाळून ते क्रिकेटवर लिहायचे. पंधरा वर्षांच्या सचिनची कॅमेऱ्यासमोरची पहिली मुलाखत घेतली ती त्यांनी. तिकडे अमेरिकेत लेनर्ड निमॉय. ‘स्टार ट्रेक’ १९६६ला सुरू झाली आणि तीन वर्षांत गुंडाळली, पण टोकदार कानांचा स्पॉक त्यांच्या मानगुटीवर जन्मभर बसला. १९७५ला त्यांनी पुस्तक लिहिलं, नाव ‘मी स्पॉक नाही’. वीस वर्षांनी दुसरं लिहिलं, ‘मी स्पॉक आहे’. त्या दोन नावांच्या मधल्या काळात त्यांचा तोल कशाने राहिला असेल? मामाला वाटतं, कॅमेऱ्याने. निमॉयना पोरवयापासून फोटोग्राफीचं वेड होतं, स्वतः धुलाई-छपाई करायचे, पुढे त्यांच्या फोटोंची प्रदर्शनं भरली. कान उतरवल्यावर हातात धरायला काहीतरी होतं.

तुझ्या हातात काय राहील? मालिका चालली तर ठीक. उद्या पहिल्या भागानंतरच बंद पडली तर? केस परत येतील रे, पखवाज कुठून येणार?

मामा फार बोलला. पण बोलायचा त्याला अधिकार नाही, हेही त्याला ठाऊक आहे. ही गोष्ट ताईलाही पुरती माहीत नाही, तुला सांगतो.

नोकरी लागली तेव्हा मामा बावीस वर्षांचा. आप्पांच्या शेजारी बसून हरिपाठाला पखवाज वाजवायचा, हातही बरा होता. शाळेत कुणीतरी म्हणालं, मास्तरने रात्री मंडळींत मांडी घालून बसावं का, पोरं काय म्हणतील? मामाला ते लागलं. त्यालाही तेव्हा ‘एकच गोष्ट’ करायची होती, मुख्याध्यापक व्हायचं होतं. पखवाज माळ्यावर गेला. अकरा वर्षं तिथेच होता. आप्पा एका शब्दाने बोलले नाहीत. पावसाळ्यात तेच कधीतरी शिडी लावून वर जायचे आणि पुडीला ओल लागू नये म्हणून तो चुलीजवळ आणून ठेवायचे.

शेवटच्या आजारात एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, ‘‘जरा वाजव.’’ मामाने पखवाज खाली काढला. गट्टे ठोकून शाईची बाजू कशीबशी वर आणली आणि थाप मारली. डाव्या अंगाने नुसता पत्र्यावर पडल्यासारखा आवाज आला. डाव्या तोंडाला कणीक लावायची तो विसरला होता. घरात वाढलेलं सहा वर्षांचं पोरही जे विसरत नाही, ते. आप्पांनी हात वर करून ‘राहू दे’ अशी खूण केली आणि भिंतीकडे वळले. मामी आतून कणकेचा गोळा घेऊन आली, तोवर ते झोपले होते. पुन्हा त्यांनी सांगितलं नाही.

मुख्याध्यापक मामा झालाच. ती पाटी आता दुसऱ्याच्या नावाची आहे.

म्हणून तू लहानपणी तेलाच्या डब्यावर ठेका धरायला लागलास, तेव्हा मामाने पखवाज तुझ्यासमोर ठेवला. पहिल्याच दिवशी तू कणीक हाताला फासून घेतलीस, गालाला लावलीस आणि थोडी खाल्लीस. ताई ओरडली, आणि मामाला किती वर्षांनी मोकळं हसू आलं.

एवढं लिहून मामा उठला, गोठ्यात जाऊन आला. पाऊस धरलेलाच आहे. परत बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली, ती आधीच यायला हवी होती. मित्र जाता जाता म्हणाला होता की या मालिकांचे पैसे काम झाल्यावर तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात. तोवर खोलीचं भाडं, गाडीचा पास, जेवण. बाळा, ‘एकच गोष्ट करायची’ हे तू चारचौघांत सांगायला म्हणालास का? खरं कारण भाडं होतं का?

तसं असेल तर वरचा सगळा राग मामा मागे घेतो. मामालाही आता फोनवरून पैसे पाठवता येतात, शेजारच्या पोराने शिकवलं. पेन्शन एक तारखेला जमा होते. आकडा कळव. ताईला सांगणार नाही. तीन महिन्यांत नाही परत आले तरी मामा विचारणार नाही. आणि डिप्लोमाची फी राहिली असेल तर तीही त्यातच धर.

व्यवहार अजून झाला नसेल तर तो फोटो तेवढा काढून टाक. झाला असेल, तर गेला म्हणायचं. त्यासाठी तोंड चुकवून गणपती मुंबईत काढू नकोस.

यायचं कसं ते लिहितो, कारण आता वाट बदलली. २०२३च्या गणपतीत कशेडी घाटातला बोगदा पहिल्यांदा उघडला, तेव्हापासून बहुतेक गाड्या तिकडूनच जातात. पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांत संपतो आणि झोपेत असलास तर गाव मागे पडल्याचं कळतही नाही. तेव्हा पोलादपूरलाच उतर. किती वाजता पोचतोस तेवढं कळव, मामा रिक्षा सांगून ठेवील आणि जुन्या घाटाने घेऊन येईल. मामा स्टँडवर बॅटरी घेऊन उभा असेल. टक्कल बघून ओळखलं नाही, तर तू हाक मार.

आप्पांच्या खोलीत तुझी गादी घातली आहे. कोपऱ्यातली कौलं बदलली, आता गळत नाही. आरतीला झांजा आहेत, पखवाज असला तर असला. मामी म्हणते, केस नसले तरी डोक्याला तेल लावून घ्यायचं.

ताईला आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. पखवाज गेलाच असेल, तर ज्याने घेतला त्याला एवढं कळव. वाजवून झाल्यावर डाव्या तोंडाची कणीक ओली असतानाच खरवडून काढायची, नाहीतर रात्री उंदीर येतात. आणि उजव्या बाजूची तिसरी वादी जुनी आहे, ती फार ओढू नको म्हणावं.