शीत लेझर आणि तापलेले द्रव्य

माझ्या हृदयाच्या एका रोहिणीत कोबाल्ट-क्रोमियमची जाळी बसविलेली आहे. आयुष्यभर रुग्णांना स्टेंटविषयी समजावून सांगितले. परंतु स्वतःची वेळ आल्यावर, ही केसाइतक्या जाडीची नक्षी धातूच्या नळीतून कापतात कशी, हे जाणून घेण्याची उत्कंठा लागली. त्या वाचनाचे सार आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे ठेवीत आहे.

स्टेंट लेझरने कापतात. जुन्या पद्धतीत लेझरचा स्पंद दीर्घ असल्याने धातू वितळतो, कडेला खरबरीत थर गोठतो आणि तो आम्लाने व विद्युत-झिलईने काढावा लागतो. फेम्टोसेकंद लेझरचा स्पंद मात्र अतिसूक्ष्म. एका सेकंदापुढे फेम्टोसेकंद म्हणजे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांपुढे एक सेकंद! असे प्रखर स्पंद निर्माण करण्याची युक्ती जेरार मुरू व डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या स्पंदाची ऊर्जा प्रथम इलेक्ट्रॉन घेतात. ती अणूंच्या जाळीस पोहोचण्यास काही पिकोसेकंद लागतात. उष्णता आजूबाजूस पसरण्यापूर्वीच पृष्ठभागाचा पातळ थर उडून जातो. म्हणून यास 'शीत' छेदन म्हणतात.

परंतु हे विशेषण एका स्पंदापुरतेच खरे आहे. प्रत्येक स्पंदामागे थोडी उष्णता उरतेच. सेकंदाला दहा लाख स्पंद दिले, तर दोहोंमध्ये एक मायक्रोसेकंद मिळतो. तेवढ्यात अशा मिश्रधातूत उष्णता जेमतेम तीन-चार मायक्रॉन सरकते. किरणाचा ठिपका मात्र दहा-वीस मायक्रॉनचा. साहजिकच पुढचा स्पंद तापलेल्या धातूवर पडतो. मूत्रपिंड क्षीण असलेल्या रुग्णास डिगॉक्सिनची नेहमीचीच मात्रा रोज द्यावी आणि ते शरीरात साचत जावे, तसाच हा प्रकार. मात्रा निर्दोष, अंतर चुकीचे.

तापलेले द्रव्य निराळे वागते. वितळण्यास त्यास कमी ऊर्जा पुरते. सिलिकॉन तापले, की १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश ते अधिक शोषते. म्हणजे त्याच स्पंदाचा परिणाम बदलतो. पायाच्या रोहिण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या नायटिनॉलचा आकार-स्मृतीचा गुण तापमानावरच बेतलेला असतो. जादा उष्णतेने तो कडेपाशी बिघडू शकतो. शरीरात विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या जाळीस तर ६० अंश सेल्सिअसच्या सुमारासच मऊपणा येऊ लागतो. म्हणून कारागीर स्पंदांचे अंतर वाढवितात, किरण वेगाने फिरवितात, वायूच्या झोताने अथवा पाण्याने द्रव्य थंड राखतात.

मंडळाच्या बैठकीत एका सन्मित्राने विचारले, "हे जाणून रुग्णाला काय लाभ?" माझे उत्तर असे : 'शीत', 'सुरक्षित', 'अत्याधुनिक' ही विशेषणे उपकरणाची असतात, परिणाम ठरतो तो ज्यावर ते चालते त्याच्या तत्कालीन अवस्थेवर. औषधाचेही तेच, शस्त्रक्रियेचेही तेच. माझ्या छातीतील त्या चिमुकल्या जाळीने मला हा जुनाच धडा उतारवयात पुन्हा गिरवावयास लावला.