अवजारांची नावे आणि त्यांची कामे

शब्दांची चिकित्सा ही पंडितांची करमणूक, असे आमच्या शेतकरी बंधूंस वाटण्याचा संभव आहे. परंतु नावावर विसंबून अवजार घ्यावे व ते भलतेच निघावे, ह्यात पैसा आपलाच जातो. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

घरापासून आरंभ करू. चाळावयाची ती चाळणी, किसावयाची ती किसणी. लाटणे, उलथणे ह्यांत तर काम व वस्तू ह्यांस एकच शब्द. ही रीत फार जुनी आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात साधनांची नावे क्रियेपासून कशी होतात ते सांगितले, त्यांत शेतकऱ्याच्या वस्तू पुष्कळ सापडतात. कापावयाचे ते दात्र किंवा लवित्र, म्हणजे विळा. खणावयाचे ते खनित्र. बैलास टोचावयाचे ते तोत्र. जुंपावयाचे ते योक्त्र. हे योक्त्र आपल्या 'जोत' शब्दात अद्याप जिवंत आहे.

शेतात मात्र हिशेब पुष्कळदा उलटतो. नांगरण्यावरून नांगर झाला नाही. 'लांगल' ह्या नामाचा नांगर झाला, व त्यावरून नांगरणे. खुरपे तर फारच फसवे. खुरपण्याचे म्हणून खुरपे, असे कोणीही म्हणेल; पण मूळ शब्द क्षुरप्र, म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेचे. तिफणीस नाव मिळाले ते तीन फणांमुळे, पेरणीमुळे नव्हे.

जेथे नावात काम नाही तेथे मुलूख बदलताच घोटाळा होतो. देशावरचा कुळव खानदेश-वऱ्हाडात वखर होतो. देशावरचे कोळपे वऱ्हाडात डवरा होते. तेव्हा परगावाहून अवजार मागविताना नावाखाली काम लिहावे: पेरणीपूर्वी जमीन भुसभुशीत करावयाची, की उभ्या पिकातील तण काढावयाचे. दुसऱ्या कामासाठी असेल तर दोन ओळींतील अंतरही कळवावे, नाहीतर पास लांब येऊन पीकच कापले जाईल.

यंत्रांच्या नावांसही हाच नियम लावून पाहावा. ट्रॅक्टर हा शब्द लॅटिनमधील 'ओढणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आला. तो ओढणारा आहे, नांगरणारा नव्हे. त्याची किंमत विचारताना मागे जोडावयाच्या नांगराची व पेरणीयंत्राची किंमत वेगळी विचारून घ्यावी.